मूरु चुक्की

कात्रण तिनं आणलं ते विमा कंपनीच्या डायरीत,
डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराखाली.
निपाणीच्या स्टँडमागं माझं दुकान.
पाटीवर वर कानडी ठसठशीत, खाली मराठी बारीक,
आत एक स्कॅनर, एक मी,
आणि पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला निळा पडदा.

"नम्म अव्वा," म्हणाली. "हीच एक."
तंबाखूच्या वखारीतल्या बायांचा मोर्चा,
साल वरच्या कडेबरोबर फाटून गेलेलं.
तिसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी वर केलेल्या हाताखाली
चेहरा. करंगळीच्या नखाएवढा.
"दुसरा?"
दुसरा कुणी कधी काढलाच नव्हता.

मागं काळा कार्डपेपर ठेवला,
नाहीतर पाठच्या पानावरचे गुळाचे भाव
उलट्या अक्षरांत तिच्या कपाळावर उमटतात.
तरी एक क्विंटल राहिलाच, कानाजवळ.

मग मोठं करत गेलो.
दोनशे टक्के : डोळा.
चारशे : डोळा असावा.
आठशे टक्क्यांना बाई उरत नाही.
तिरप्या ओळींत पेरलेली शाई उरते,
जाड ठिपका, बारीक ठिपका, कागद, जाड ठिपका.
खुर्ची मागं सरकवली, चष्मा काढला,
पार पडद्याला टेकलो
तेव्हा ती परत आली.

ठिपके विरघळवायचं काम मला जमतं.
थोडं धूसर, थोडं धारदार, लाटा उठल्या तर पुन्हा धूसर.
घडीची रेघ तिच्या खांद्यावरून गेली होती,
ती शेजारणीच्या लुगड्यातलं कापड उचलून बुजवली.
शेजारीण काही बोलली नाही.
अकरा वाजेतो गाल असा झाला
की त्यावर तंबाखूची धूळ कधी बसलीच नसावी.
मी दोनशे सांगणार होतो, साडेतीनशे ठरवले.

बाजारच्या दिवशी आली. स्क्रीनकडं बघत राहिली.
"मूरु चुक्की एल्ली?"

मला कानडी येतं, दुकानापुरतं :
किती प्रती, कधी देऊ, सुट्टे नाहीत.
मूरु म्हणजे तीन. पुढचं मराठी कानानं ऐकलं,
तीन चुका कुठायत?
आणि खरं सांगतो, मी मोजायला लागलो.
क्विंटल एक. लुगडं दोन.
तिसरी आठवेना म्हणून घाम फुटला.

तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं.
इथं, इथं, इथं.
गोंदण.
चुक्की म्हणजे ठिपका.
चांदणीलाही चुक्कीच म्हणतात,
हे समोरच्या चहावाल्या बसप्पानं नंतर सांगितलं,
विचारलं नव्हतं तरी.

कुठला ठिपका छापखान्याचा आणि कुठला सुईचा,
मशीनला काय ठाऊक. त्याला काळं तेवढं कळलं.
मला तरी काय कळलं होतं!

मूळ स्कॅन उघडला. हनुवटीवर चौदा ठिपके.
ती निळ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसली,
स्क्रीनला नाक लावून.
"इदु?" मी विचारायचो.
"अल्ला."
"इदु?"
एक ठिपका ओळ सोडून जरा खाली होता.
त्याच्यावर तिचं बोट थांबलं, मग तिथूनही उठलं.
आईचा चेहरा आपण इतक्या जवळून
कधी बघितलाच नाही, असं काहीतरी म्हणाली.
एवढं कानडी मला येत नाही,
पण ते तसंच असणार.

शेवटी हनुवटीला हात लावलाच नाही.
बाकी चेहरा मऊ, आणि खाली
चौदाच्या चौदा तसेच, रव्यासारखे.
बघणाऱ्याला वाटेल अर्धवट सोडलंय.
वाटू दे.
पैसे दोनशेच घेतले.

प्रिंट घेऊन ती दारातल्या उजेडात गेली.
हात लांब केला. पुरेना.
मग फोटो माझ्याकडं दिला, धर म्हणाली,
आणि एक पाऊल मागं गेली, पायरी उतरली,
अजून एक, गटाराच्या फरशीवर,
अजून एक.
मागं रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, दोन भाषांत शिव्या देत होता,
ती रस्त्याच्या मधोमध उभी,
मी दारात, छातीशी तिची आई धरून,
हात हलू न देता.